खाक्याचा कोपरा

"माझं नाव कुठं घालणार ते आधी सांग," मी म्हटलं. "मग खाका देते."

दादा चपला न काढता दारात उभा होता. मागं अंगणात त्याची लूना फटफटत होती, ती त्यानं बंदसुद्धा केली नव्हती. म्हणजे आत यायचं नव्हतं. हात पुढं करायचा, गुंडाळी घ्यायची आणि निघायचं.

"कसलं नाव?"

"माझं. रत्नाक्काच्या चित्राखाली. आईसमोर कबूल केलंयस."

"व्हय, घालू की. खाली उजव्या कोपऱ्यात घालू. आण आता, शेडवर कॉम्प्रेसर चालू ठेवून आलोय."

घालू की. आठ वर्षं मी हे ऐकत होते. पुढच्या टायमाला घालू, दिवाळीनंतर घालू, गिऱ्हाईक चांगलं बघून घालू. एखाद्या पोराला जत्रेत खेळणं घेऊन देतो सांगून घरी आणावं, तसं मला प्रत्येक कामातून घरी आणलं जायचं. पण या वेळी मी तयारीत होते. नाव खाक्यातच टोचून ठेवलं होतं.

खाका म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आता तो कुणी वापरत नाही. आता कॉम्प्युटरवरून छापतात आणि चिकटवतात. तेव्हा चित्र आधी कागदावर पूर्ण काढायचं, मापात. मग त्या कागदाखाली दुसरा कोरा कागद ठेवून रेघेरेघेवर सुईनं बारीक भोकं टोचत जायचं. एका चेहऱ्याला चार-पाच हजार भोकं सहज लागतात. भोकांच्या मागं कागद खरखरीत होतो, तो पॉलिशपेपरनं घासून सपाट करायचा, नाहीतर पूड अडते. मग कागद गाडीच्या पत्र्यावर चिकटवायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर हलक्या हातानं थोपटायची. कागद काढला की पांढऱ्या पत्र्यावर ठिपक्यांचं चित्र उमटलेलं असतं. त्याच्यावर एअरब्रशची गन चालवायची. कार्बनपेपर चालत नाही, त्याचा तेलकटपणा रंगातून वर येतो. ही सगळी विद्या आमच्या आप्पांची. जयसिंगपुरात त्यांचं पेंटिंगचं दुकान होतं. दादाला आणि मला दोघांनाही त्यांनीच शिकवलं, एकाच पाटावर बसवून.

आप्पा गेले आणि दुकानावर पाटी लागली, 'आर्टिस्ट दिगंबर'. गन दादाकडे गेली. सुई माझ्याकडे राहिली. दादा बायकोला घेऊन दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायला गेला. आई आणि मी जुन्या घरात. या गाडीच्या वेळी मी सत्तावीस वर्षांची होते, लग्न जमत नव्हतं, आणि 'घरात बसून काय करतेस' असं विचारणाऱ्या बायकांच्या घरावरून जे ट्रक-टेम्पो जायचे, त्यांच्या मागच्या फळीवरचे देव आणि पैलवान मी काढलेले असायचे.

दादाला चेहरा काढता येत नाही. आज हे लिहिताना तीस वर्षं उलटून गेलीत, तरी लिहिताना बरं वाटतंय. अक्षर त्याचं सुंदर होतं, गनवर हात बरा होता, गिऱ्हाइकाशी बोलणं तर असं की समोरच्यानं चहा पाजून काम द्यावं. पण चेहरा नाही. त्यानं काढलेली लक्ष्मी आणि त्यानं काढलेला पैलवान, मिशा सोडल्या तर एकच. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं आणि आईला माहीत होतं. बाहेर कुणालाच माहीत नव्हतं.

मी गुंडाळी त्याच्या हातात दिली.

"उजव्या कोपऱ्यात नाव टोचलंय," मी म्हटलं. "वेगळं काही करायला नको. पूड थोपट, आपोआप उमटेल."

त्याच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली.

"श्री कुठाय?"

"श्रीच्या जागीच आहे नाव."

आप्पांची रीत होती. खाक्याच्या कोपऱ्यात आधी 'श्री' टोचायचा, मग चित्र. आम्ही लहानपणी समजायचो की देवाचं नाव म्हणून. दादा तर अजून तसंच समजत होता.

"बरं," म्हणून तो गेला. लूनाचा धूर घरात आला.

*

रत्नाक्काला मी कधी पाहिलं नव्हतं. ती वारून वर्ष झालं होतं. तिच्या घरच्या, मगदूमांच्या, दोन बसगाड्या कोल्हापूर-पुणे धावायच्या, तिसरी नवी लक्झरी हातकणंगल्याच्या पुढं एका शेडमध्ये बांधून तयार होत होती. त्या गाडीच्या पाठीवर, सगळ्या रस्त्याला दिसेल असा आईचा मोठा चेहरा काढायचा, असं तिच्या मुलाच्या, सुकुमारच्या, मनात होतं. अडचण एवढीच की फोटो नव्हता. म्हणजे एक होता, कुणाच्या तरी लग्नातला. त्यात चाळीस माणसांत रत्नाक्का मागच्या रांगेत, आणि चेहरा नखाएवढा. तोही उन्हानं पांढरा पडलेला.

"काढू की," दादा म्हणाला आणि मला त्यांच्या घरी पाठवलं. "बहीण येऊन माप घेऊन जाईल," असं सांगून. माप! जशी मी ब्लाउज शिवणार होते.

तीन दुपारी मी मगदूमांच्या सोप्यात बसले. रत्नाक्काचा नवरा, अण्णा, ऐंशीला आलेला. पांढरं धोतर, हातात काठी, आवाज मात्र खणखणीत. मी रेघ मारायची आणि तो सांगायचा.

"नाक जरा बसकं घे. आन् हनवटीवर खड्डा. व्हय. न्हाई, एवढा न्हाई."

पहिल्याच दिवशी डोळ्याचा प्रश्न आला. गुऱ्हाळात काहिलीतला उकळता रस उडून रत्नाक्काचा डावा डोळा गेला होता, लग्नानंतर दोन वर्षांनी. बुबुळावर पांढरं पडलं होतं.

सुकुमार म्हणाला, "ताई, डोळा नीटच काढा. दोन्ही चांगले. लोक बघणार."

अण्णानं काठी आपटली. "लोकांनी बघायसाठी ती न्हवती आली हितं. डावा डोळा पांढराच काढ, पोरी. मला माझी बायकू पायजे, दुसऱ्याची नगं."

मला म्हातारा तेव्हाच आवडला.

तो बोलत राहायचा. तिनं पाटल्या मोडून पहिला टेम्पो घेतला. हा चालवायचा, ती शेजारी बसायची. पहाटे भाजी भरून सांगलीच्या बाजारात, रिकामा टेम्पो घेऊन परत. तीस-बत्तीस वर्षं असं. "आमचं सगळं बोलणं त्या केबिनीत झालं बघ," तो म्हणाला. "घरात कुठं टाइम हुता."

तिसऱ्या दुपारी मी कागद भिंतीला टेकवून ठेवला. अण्णा उठला. जवळ गेला, मागं आला, पुन्हा जवळ गेला. मग चित्राच्या एका कडेला जाऊन, भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि मान वळवून वर बघितलं.

"बघालीया," तो म्हणाला. "आता बघालीया माझ्याकडं."

मी पेन्सिलीला टोक करत बसले, टोक असूनसुद्धा.

घरी येऊन चार दिवस टोचत होते. वरचा कागद, ज्यावर माझं चित्र होतं, तो मी ठेवून घेतला आणि खालचा, नुसत्या भोकांचा, दादाला दिला. हे मी दोन वर्षांपासून करत होते. आधी मूळ चित्रंच द्यायची, ती दादा शेडवर टाकून यायचा. एकदा माझ्या सरस्वतीवर ड्रायव्हर मंडळी भडंग खात बसलेली मी स्वतः बघितली. त्या दिवसापासून मूळ कागद घरात. शेवटी कोपऱ्यात माझं नाव टोचलं. शालन जिनगर. सत्तर-ऐंशी भोकं असतील. त्यांना मात्र मी चेहऱ्याइतकाच वेळ लावला.

*

खाका दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी अकराला गाडीची पूजा होती. आई आणि मी साडेदहालाच शेडवर पोचलो. मी हिरवी इरकल नेसले होते. गाडीला झेंडूच्या माळा, पुढं नारळ, पेढ्यांचे खोके, वीस-पंचवीस माणसं. गाडीच्या पाठीवर चादर टाकलेली. दादा नव्या शर्टात फिरत होता. माझ्याकडे बघून हसला, पण जवळ आला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सुकुमारनं अण्णाला हाताला धरून मागं आणलं आणि चादर ओढली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी नजर आधी चेहऱ्यावर गेलीच नाही, खोटं कशाला सांगू? ती गेली खाली, उजव्या कोपऱ्यात. तिथं दादाच्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'आर्टिस्ट दिगंबर'. लाल अक्षर, त्याला सोनेरी किनार. बाकी काही नाही.

माझे कान तापले. त्या चार दिवसांत सुई टोचून टोचून अंगठ्याला घट्टा पडला होता, तो मी दुसऱ्या हातानं दाबत उभी राहिले. आईनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. म्हणजे तिला माहीत होतं.

मग मी वर बघितलं. आणि चित्र मला परकं वाटलं. नाक माझं होतं, हनवटीचा खड्डा माझा होता, पदराच्या चुण्या माझ्या होत्या, तरी ते माझं नव्हतं. अर्धा क्षण लागला मला. पांढरा डोळा उजवा होता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णा बोलला.

"ही कोण?"

सुकुमार हसला. "आई न्हवं का, अण्णा. चष्मा लावा."

"चष्म्याचं नगं सांगू मला. ही माझी न्हवं." म्हातारा चित्राजवळ गेला. त्या दुपारसारखाच पाठ लावून त्याच कडेला उभा राहिला, मान वळवून वर बघितलं. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "ही माझ्याकडं बघतच न्हाई."

टाळ्या वाजवलेली माणसं हात तसेच धरून उभी.

"मी गाडी चालवायचो," अण्णा म्हणाला, "ती माझ्या डाव्या अंगाला बसायची. तिचा उजवा डोळा माझ्याकडं. डावा गेलेला, त्यो खिडकीकडं. तीस वर्सं ज्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं त्योच आंधळा केलाय ह्यानं!" आणि त्यानं काठी दादाकडे रोखली.

दादा पुढं आला. मला वाटलं, माफी मागेल. रात्र-दिवस धंदा केलेला माणूस, कुठं कसं वाकायचं ते त्याला कळत होतं. पण तो माझ्याकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"अण्णा, माझी काय चूक न्हाई. चेहरा हिनं काढलाय. माझी बहीण, शालन. चेहरे हीच काढते. मी नुसता खाक्यावर रंग मारला. तिनंच उलटं टोचलंय."

आठ वर्षं. ट्रक, टेम्पो, बँडच्या गाड्या, दोन देवळं, एक तालीम. आठ वर्षांत त्यानं चारचौघांत माझं नाव घेतलं ते हे पहिल्यांदा. चूक माझ्या पदरात घालण्यासाठी.

मला राग आला, असं म्हणणं फारच सौम्य होईल. डोकं मात्र लख्ख चालत होतं. 

"खाका कुठाय?" मी विचारलं.

"असंल कुठंतरी. आता त्याचं काय?"

"कुठाय?"

"शालन," आई माझा दंड धरून हळू आवाजात म्हणाली, "घरी जाऊन बोलू. चार माणसांत भावाची लाज काढू नको."

"आणि माझी काढली ती?"

आईनं दंड सोडला नाही. मी सोडवून घेतला. शेडच्या कोपऱ्यात त्याचं रंगाचं टेबल होतं, मी सरळ तिकडं गेले. खाका थिनरच्या डब्यामागं गुंडाळून खोचलेला होता. उलगडला. खालचा एक कोपरा नव्हता. ब्लेडनं, पट्टी लावून, सरळ कापलेला. पट्टी लावून! फाडायचीसुद्धा घाई नव्हती त्याला.

कोपरा शोधायला वेळ लागला नाही. पेंटर लोक एखादा कागदाचा तुकडा जवळ ठेवतात, गनमधून रंग नीट येतोय का ते त्यावर आधी फवारून बघायला. तो तुकडा टेबलावरच पडला होता. निळा, लाल, तपकिरी, चार-पाच फवारे मारलेला. मी उचलून उजेडाकडे धरला. रंगाखालून माझ्या नावाची भोकं दिसत होती.

माझ्या नावावर त्यानं गन तपासली होती.

मी दोन्ही कागद घेऊन अण्णाजवळ आले. माणसं गोल करून उभी राहिली. सुकुमारला मी खाका उन्हाकडे धरायला सांगितला आणि तुकडा त्याच्या जागी लावला. कापलेल्या कडा तंतोतंत जुळल्या.

"वाचा," मी म्हटलं.

सुकुमारनं भोकांवरून नजर फिरवली. "शालन... जिनगर."

"सुलट वाचता येतंय ना? आता पांढरा डोळा कुठला? बाहुलीची भोकं नाहीत तो."

त्यानं बघितलं. "डावा."

"आता कागद फिरवा."

त्यानं फिरवला. नाव उलटं झालं, आणि डोळा गाडीवर होता तसा उजवा झाला. कुणीतरी मागं "आयला" म्हणालं.

"कोऱ्या कागदावर नुसती भोकं असतात," मी म्हटलं. "दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. कुठली वर, कुठली खाली हे कळायला कोपऱ्यात अक्षर टोचायचं असतं. आमचे आप्पा त्यासाठी श्री टोचायचे. मी नाव टोचलं. ह्यानं ते कापून काढलं आणि कागद उलटा लावला."

दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्याला ते आत्ता कळत होतं. श्री कशासाठी असतो ते, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, बापाच्या मागं बारा वर्षांनी.

"मग श्री का न्हाई टोचलास?" तो एकदम ओरडला. "देवाचं नाव काढून सोताचं घातलंस म्हणून झालं हे!"

"तू का कापलंस ते सांग."

"कापलं! कापलं, काय म्हणणं हाय? गाडी रोज पुण्याला जाणार. लोक विचारणार, ही शालन कोण? मग म्होरचं गिऱ्हाईक तुझ्या दारात येणार, का माझ्या? पाटी माझ्या नावाची हाय. धंदा मी करतोय. तू घरात सावलीत बसून टोचतीस नुसतं!"

शेवटी बोलला एकदाचं. मला बरं वाटलं, खरंच. आठ वर्षं 'घालू की' ऐकण्यापेक्षा हे बरं होतं.

अण्णा इतका वेळ कागदाकडे बघत होता. म्हणाला, "पोरी, तुझं चित्र हाय न्हवं अजून? मला दावलेलं?"

"घरी आहे. त्यालाही भोकं आहेत, त्याचाच खाका होतो."

"मग तू काढ. आत्ता."

"अण्णा, मुहूर्त अकराचा," सुकुमार म्हणाला.

"मुहूर्त थांबंल. ती तीस वर्सं माझ्यासाठी थांबली केबिनीत, तुझा मुहूर्त चार तास थांबंना व्हय?"

दादा गनपाशी जाऊन उभा राहिला. "खाका लावू दे तिला. रंग मीच मारणार. गन तिला जमत न्हाई. बिघडवून ठेवंल आणि नाव माझं जाईल."

आता मात्र मी मनात ठेवून दिलेलं सगळं बाहेर काढलं.

"तुला कावीळ झाली होती त्या उन्हाळ्यात तीन टेम्पो कुणी मारले रे? अंथरुणात पडून तू मारलेस? रात्र-रात्र जागून काम पुरं करून तुझं नाव कुणी लिहिलं खाली? तुझं अक्षरसुद्धा गिरवलं मी, कुणाला कळू नये म्हणून!"

सुकुमार माझ्याकडे बघायला लागला. "कुठल्या साली?"

"एक्याण्णव."

"एक्याण्णवला आमचा छोटा टेम्पो मारून घेतला पेंटरकडनं. त्याच्यावरचा बाहुबली..." तो दादाकडे वळला. "पेंटर, त्यो बाहुबली हिनं काढलावता?"

दादा गनची नळी उगाच नीट करत राहिला. त्या बाहुबलीचं कौतुक त्यानं तीन वर्षं ऐकून घेतलं होतं. आईनं डोळ्याला पदर लावला. कुणासाठी ते मी विचारलं नाही, पुढंही कधी नाही.

मी हात पुढं केला. "गन दे."

त्यानं ती माझ्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवली आणि बाजूला झाला.

*

सुकुमारनं माणूस पाठवून आमच्या घरून चित्र आणवलं. तोवर मी पदर खोचला, थिनरमध्ये बोळा भिजवला आणि रत्नाक्काचा उलटा चेहरा पुसायला घेतला. आधी केस, मग कपाळ, मग तो नको तिथला पांढरा डोळा. रंग ओघळून माझ्या कोपरापर्यंत आला, हिरव्या इरकलीवर डाग पडले, ते आजही आहेत. लाल अक्षर मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. 'आर्टिस्ट' आधी. मग 'दिगंबर', एकेक अक्षर, मागून पुढं. घाई केली नाही. दादा दहा फुटांवर स्टुलावर बसून बघत होता आणि तो बघतोय हे मला माहीत होतं. मोठ्या मनानं वागायला हवं होतं, असं आई नंतर कित्येक वर्षं म्हणायची. मला मोठं मन नको होतं त्या दिवशी. मला बोळा हवा होता आणि तो होता.

पुसताना खालचा पांढरा रंगही थोडा उतरला, तिथं पुन्हा पांढऱ्याचा हात मारून वाळू दिला. मग माझं चित्र पत्र्यावर लावलं, सुलट. पुरचुंडी थोपटली. कागद काढला. ठिपक्या-ठिपक्यांची रत्नाक्का उभी राहिली आणि खाली कोपऱ्यात ठिपक्यांचं माझं नाव.

तीन तास गन चालवली. मध्ये कुणीतरी चहा ठेवला, तो गार झाला. डावा डोळा केला तेव्हा कॉम्प्रेसर सोडून शेडमध्ये दुसरा आवाज नव्हता. दादा कधी उठून गेला ते मला कळलं नाही. लूनाचा आवाजही कॉम्प्रेसरमध्ये बुडाला असणार.

तो त्यानंतर माझ्याकडे खाका मागायला आला नाही. मी दिलाही नसता. वर्षभरात मी स्टेशन रोडला गाळा घेतला, जुनी गन घेतली, आणि पाटीवर स्वतःच्या हातानं अक्षरं लिहिली, त्याच्याइतकी चांगली नव्हती ती. दादा देवांचे चेहरे सोडून नुसत्या नंबरप्लेटी आणि दुकानाच्या पाट्या करायला लागला. 'चुकलं' हा शब्द तो मला कधीच म्हणाला नाही. आईच्या तेराव्यालाही नाही. मीही वाट बघत नाही, पण विसरलेही नाही. तो रंग फवारलेला तुकडा माझ्या गाळ्यात काचेखाली आहे. नवीन मुलगी शिकायला आली की आधी तो दाखवते आणि मग सुई हातात देते.

त्या दिवशी शेवटचं काम उरलं होतं ते नावाचं. ठिपके होते, रंग भरायचा होता. मी गन ठेवली आणि बारीक ब्रश घेतला. तेवढ्यात अण्णा काठी टेकत आला.

"हे खाली काय लिव्हलंय?" त्याला वाचता येत नव्हतं.

"माझं नाव," मी म्हटलं. आणि मला एकदम भीती वाटली. हाही म्हणेल, कशाला पोरी. बायकोच्या चित्राखाली परक्या पोरीचं नाव कशाला. मी ब्रश धरून थांबले.

म्हातारा चित्राच्या पलीकडच्या कडेला गेला, तिच्या उजव्या अंगाला. ओल्या रंगाला धक्का लागणार नाही अशा बेतानं गाडीला पाठ लावली, हळूहळू खाली बसला, आणि मान वळवून वर बघितलं.

बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला,

"लिव्ह की. का थांबलीस?"